तपासलं: सुचित्रा

“सुचित्राताई, एक विचारू का? रागावू नका.”

कॅनबेरात गुंगालिनहून सिटीकडे निघालेल्या लाइट रेलमध्ये सुचित्रा दाराजवळ उभी होती. बाहेर जुलैतली सकाळ, गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं, आणि डब्यात सगळे आपापल्या कॉफीत तोंड घालून गप्प. फोनवर ब्रिस्बेनचे कुमारकाका होते. एरवी हा माणूस इतक्या मोठ्याने बोलायचा की फोन कानापासून लांब धरावा लागे. आज त्यांचं बोलणं ऐकू यावं म्हणून तिला दुसऱ्या कानात बोट घालावं लागलं.

“विचारा ना काका.”

“पारवावरचे कॉल तुम्ही स्वतः तपासले होते ना? खाली लिहिलं होतं, तपासलं: सुचित्रा. ते बघूनच मी माझ्या फोनवर घातलं.”

“हो, कॉल मीच तपासले. का हो? काय झालं?”

“मग ट्रिपल झिरो का लागला नाही?”

ट्रिपल झिरो म्हणजे अँब्युलन्स, पोलीस बोलवायचा इथला नंबर. पुढच्या स्टॉपवर ती उतरली. तो तिचा स्टॉप नव्हता. थंडीने बोटं आखडत होती, पण हातमोजे पिशवीतून काढायचंही तिला सुचलं नाही.

“रविवारी सकाळी चित्रा ओट्याशी उभी होती,” काका सांगत होते. “पोहे भिजवत होती. एकदम खाली बसली. मला वाटलं, पाय घसरला. बघतो तर तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. मी फोन उचलला, ट्रिपल झिरो दाबलं. ‘कॉल लागला नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ केला. परत तेच. सिग्नल होता हो, पूर्ण होता! मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. इंजिनियर माणूस मी. मी काय केलं माहितेय? फोन बंद करून चालू केला. तो चालू होईपर्यंत तिथे उभा राहिलो. ती खाली पडलेली, आणि मी त्या पडद्यावरच्या पारव्याकडे बघतोय.”

सुचित्राने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

“मग तसाच बनियनवर रस्त्यावर पळालो. दोन घरं बंद. एक माणूस कुत्रा फिरवत होता, त्याच्या फोनवरून लावला. अँब्युलन्स आली, नाही असं नाही. जीव वाचला. उजवा हात हलत नाही. बोलता येत नाही.”

“अजिबात?”

“डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. पण ते नुसतं म्हणतात हो, त्यांना तसं म्हणावंच लागतं.” मग काकांनी आवाज आणखी खाली आणला. “ते वाक्य तिनेच लिहिलं होतं ना? कॉल लागला नाही, पुन्हा प्रयत्न करा.”

“हो.”

“तेच म्हटलं. मी तक्रार करत नाही, बरं का. फक्त तुम्ही तपासलं होतं, म्हणून विचारलं.”

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तक्रार नाही म्हणणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं, हे सुचित्राला कोणी शिकवलं नव्हतं.

पारवा म्हणजे मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टीम. फोन ज्याच्यावर चालतो ते मूळ सॉफ्टवेअर. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले जुने फोन पुन्हा चालते करायचे, त्यात कोणाची हेरगिरी नको, जाहिराती नकोत, सगळा कोड सगळ्यांना उघडा, अशी ती कल्पना. कल्पना सोन्यासारखी होती, त्यात शंका नाही. निनादने ती सिडनीला, टूनगॅबीतल्या आपल्या गराजमध्ये सुरू केली. घरात चांगली रिकामी खोली होती, पण गराजमध्ये सुरू केलेलं पुढे मुलाखतीत सांगायला बरं दिसतं. बघता बघता सिडनी, ब्रिस्बेन, कॅनबेरा, पुणे, शिवाय कुठल्या कुठल्या देशांतली माणसं जमली. सगळे फुकट काम करणारे.

फुकटच्या कामाची एक खोड असते. ज्याला जे आवडतं तेवढंच तो करतो, आणि आवडतं ते सगळ्यांना एकच. लॉक स्क्रीनवर पारवा पंख कसा फडफडवेल, यावर डझनभर लोकांनी कोड लिहिला. लोगोतल्या पारव्याने डावीकडे बघावं की उजवीकडे, यावर मतदान झालं आणि दोघंजण रुसून गटातून निघून गेले. पण फोनवरून फोन लागतो का, हे बघायला माणूस नव्हता. नवरदेव सजला, घोडा आला, बँड आला. मुलीला विचारलंय का, हे कोणाच्या डोक्यातच नाही.

ते काम सुचित्राने अंगावर घेतलं. घेतलं म्हणजे काय, कोणीच घेईना म्हणून पडलं. वीसेक वर्षं ती सॉफ्टवेअर तपासायचंच काम करत आली होती; आधी पुण्यात, मग इथे, कॅनबेरात एका सरकारी खात्यात कंत्राटावर. टेस्टरचं नशीब लग्नातल्या वरमायेसारखं. चुका काढायलाच आलीय, असं सगळे धरून चालतात. तिला त्याची सवय होती. ती लिफ्टमध्ये कॉल लावून बघायची, मार्केटच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, ह्यूम हायवेवर गाडी बाजूला घेऊन, घरातल्या वायफायवरून बाहेर पडता पडता. आणि कॉल तपासायचा म्हणजे पलीकडे उचलणारं कोणीतरी लागतं. ते काम कुमारकाकांच्या बायकोने, चित्राताईंनी घेतलं.

चित्राताई ब्रिस्बेनच्या स्प्रिंगफील्ड लेक्सला रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायच्या. कोडमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण पारवा मराठीत आणायचा ठरलं तेव्हा मेनूतला शब्द न् शब्द त्यांनी लिहिला. “ऐकू येतंय का? हं, येतंय. आता काम झालं, आता गप्पा,” असं म्हणून त्या सुरू व्हायच्या. एकदा कोणीतरी ‘कॉल अयशस्वी’ असं सुचवलं तर त्या भडकल्या होत्या. “अयशस्वी माणूस होतो, कॉल कसला होतोय! आपण काय म्हणतो? फोन लागत नाही म्हणतो. मग तसंच लिहा की.” दोन वर्षांत या दोघी एकदाही भेटल्या नव्हत्या. त्यांची सगळी मैत्री कॉल तपासण्यातून झालेली.

आणि सुचित्राने एक कॉल तपासला नव्हता. ट्रिपल झिरो. तो तपासताच येत नाही. इथे गरज नसताना तो नंबर फिरवणं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी कोणाच्या मरणाची लाइन आपण अडवायची का? त्यासाठी प्रयोगशाळा असते. लोखंडी खोलीत खोटा टॉवर उभा करून बघतात. ती भाड्याने घेऊ या, असं तिने तीनदा सुचवलं होतं, आणि तिन्ही वेळा निनादने ‘गुड आयडिया ताई’ म्हणून पुढचा विषय काढला होता. शेवटी पक्की आवृत्ती सोडायच्या आधी तिने गटात लिहिलं: बाकी सगळे कॉल पास. ट्रिपल झिरो तपासता आलेला नाही. तो तपासल्याशिवाय सोडू नका.

निनादने त्यावर अंगठा दिला आणि आवृत्ती सोडली. पारवाच्या लोकांची एक रीत होती. प्रत्येक आवृत्तीच्या खाली ती कोणी तपासली त्याचं नाव लिहायचं. लोक बाकी काही वाचत नसत, ते नाव मात्र वाचत. तिथे लिहिलं होतं, ‘सर्व कॉल. तपासलं: सुचित्रा.’ तिच्या ते लक्षात आलं तेव्हा आठवडा उलटून गेला होता. ओळ बदल, असं तिने निनादला कळवलं. करतो म्हणाला. मग ऑफिसमध्ये तिच्या कामाची धांदल सुरू झाली, आणि तिने परत विचारलं नाही. आता त्या न विचारण्याचाही तिला तितकाच राग येत होता.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने शंतनूला फोनवर गाठलं. कॉलचा कोड त्याच्या ताब्यात. त्याने सगळं बघून खाली मानेने सांगितलं, म्हणजे आवाजावरून तरी मान खाली असावी. साधा कॉल नव्या फोरजीच्या वाटेने जात होता. ट्रिपल झिरोचा कोड मात्र सुरुवातीपासूनचा, कोणी हात न लावलेला. तो कॉल जुन्या थ्रीजीवर पाठवायचा. आणि थ्रीजी तर देशभर बंद होऊन गेलेलं.

“पण नेटवर्कवाले असले फोन ब्लॉक करतात ना?” सुचित्राने विचारलं. “ट्रिपल झिरो लागत नसेल तर फोन चालूच द्यायचा नाही, असा नियमच आहे.”

“ते मॉडेल बघतात, ताई. मॉडेल चांगलंच आहे. आतलं सॉफ्टवेअर आपलं आहे, ते त्यांना दिसत नाही.”

“म्हणजे आपण नसतो तर तो फोन लागला असता.”

“दुरुस्त करतो, ताई,” एवढंच शंतनू म्हणाला.

मग निनाद.

“ताई, फर्स्ट ऑफ ऑल, ऐकून खूप वाईट वाटलं,” तो म्हणाला. “शंतनूने सांगितलं मला. कशा आहेत काकू?”

“तू फोन केलास त्यांच्याकडे?”

“करणारच होतो गं. या वीकला जरा शनिवारच्या इव्हेंटचं…”

“निनाद, डाउनलोडची लिंक काढ. आत्ता.”

“अगं, शनिवारी हॉल बुक आहे. सीनियर्स ग्रुपवाले त्यांचे जुने फोन घेऊन येणारेत, त्यांना आपण पारवा घालून देणार. कौन्सिलची बाई येणारे बघायला. आता लिंक काढली तर सगळं ओम्फस! शंतनू फिक्स करतोय, पुढच्या रिलीजमध्ये जाईल.”

“तोपर्यंत त्या म्हाताऱ्यांनी पडायचं नाही, असं ठरलंय का?”

“ताई, प्लीज. आणि कॉल्स पास, असं तूच लिहिलं होतंस.”

“त्याच्या पुढची ओळ वाचलीस?”

मग तो समजावणीच्या सुरात म्हणाला, “हे बघ, आपण सगळे व्हॉलंटियर्स आहोत. कोणी कोणाला बांधील नाही. लायसन्समध्ये क्लिअर लिहिलंय, नो वॉरंटी. लोक स्वतःच्या जबाबदारीवर टाकतात.”

सुचित्राच्या अंगाचा तिळपापड झाला. खात्याच्या आवारातल्या बाकावर, डब्यातली पोळी तशीच हातात धरून ती ओरडली, “लोक लायसन्स वाचून टाकत नाहीत रे! माझं नाव वाचून टाकतात!” शेजारच्या बाकावरचे दोघं उठून दुसरीकडे गेले.

गटात तिने जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं. उत्तरं भराभर आली. हात जोडलेली चित्रं आली. ‘सो सॉरी टू हिअर’ आलं. एकाने लिहिलं की म्हाताऱ्या माणसांनी असल्या फोनवर अवलंबून राहायलाच नको. दुसऱ्याने लिहिलं की तांत्रिकदृष्ट्या हा दोष पारवाचा नाही, थ्रीजी बंद करणाऱ्यांचा आहे. त्याला बऱ्याच जणांनी अंगठे दिले. गेली दोन वर्षं ज्यांच्याबरोबर रविवार रविवार बसून हे उभं केलं, ती हीच का माणसं, असं तिला वाटलं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. माणुसकीच्या गप्पा मारायला सगळे पुढे, आणि एक लिंक काढायला हात नाही.

“मम, इट्स नॉट इव्हन युअर जॉब,” मुलगी मिताली घरी म्हणाली. ती युनिव्हर्सिटीतून आली होती आणि आईचा चेहरा बघून दारातच थबकली होती. “तू क्विट कर ना. जस्ट क्विट.”

“सोडते की. आधी माझं नाव तिथून सुटू दे.”

शनिवारी पहाटे गाडी काढून सुचित्रा टूनगॅबीला पोचली. हॉलच्या दारावर पारव्याचा मोठा फलक, आत लांब टेबलं, टेबलांवर लॅपटॉप आणि केबलींचा गुंता. एका कोपऱ्यात चहा आणि बटाटेवडे, आणि भिंतीच्या कडेने रांग. काका, काकू, मावश्या, आज्या. कोणी फोन रुमालात बांधून आणलेला, कोणी मुलाचा टाकून दिलेला आणलेला. काहींनी सणासारखे कपडे केलेले. या वयात काहीतरी नवीन, तेही आपल्या भाषेत, आपल्या मुलांनी बनवलेलं.

निनाद धावत आला. “ताई! आलीस? ऐक, तुझा पॉइंट व्हॅलिड आहे. मी रात्रीच तुझं नाव काढलंय. ओके? आता तुझ्यावर काही येणार नाही.”

तिने त्याच्याकडे बघितलं. खरंच त्याला वाटत होतं की त्याने तिची अडचण सोडवली. गाडी चालवत येताना तीन तास तिलाही तेच हवं असल्यासारखं वाटत होतं: नाव काढा, नाव काढा. आणि आता नाव निघालं तर काहीच सुटलं नव्हतं. रांग तेवढीच होती.

“तुला वाटलं मी माझी कातडी वाचवायला आलेय?” ती म्हणाली.

“मग काय हवंय तुला?”

ती रांगेच्या शेवटच्या टोकाला गेली आणि तिथून सुरुवात केली. “मावशी, नमस्कार. मी सुचित्रा, यातलीच आहे. हे फोनवर घातलंत तर त्यावरून ट्रिपल झिरो लागणार नाही. घरात काही झालं तर अँब्युलन्स बोलवता येणार नाही.” एका एका माणसापुढे थांबून तेच. आवाज चढवायचा नाही असं तिने ठरवलं होतं, पण चौथ्या-पाचव्या माणसापर्यंत तो आपोआप चढला. काहींनी फोन परत पर्समध्ये टाकले. काहींना राग आला, पण तिचाच. “अहो, आम्ही तासभर उभे आहोत,” एक काका करवादले. “फुकट देतायत तर त्यात खोड काढायची कशाला? मला नुसते पेपर वाचायचेत.” दुसऱ्या एक काकू म्हणाल्या, “आमचा मुलगा जवळच राहतो गं, आम्हाला काय होतंय!”

“ब्रिस्बेनला एका बाईंना झालंय,” सुचित्रा म्हणाली. “यातले मराठी शब्द ज्यांनी लिहिले, त्यांना. आता त्यांना बोलता येत नाही.”

हॉलमध्ये कुजबूज वाढली. निनाद तिचा दंड धरून बाजूला घ्यायला आला. “ताई, बास. धिस इज नॉट ऑन. बाहेर बोलू.”

तेवढ्यात तिची नजर चहाच्या टेबलाकडे गेली. तिथे निनादच्या आई कप भरत होत्या. पुण्याहून आल्यापासून त्या मुलाच्या प्रत्येक कार्यक्रमाला चहा सांभाळायच्या. त्यांच्या गळ्यात दोरीला अडकवलेला फोन होता. कोरा, दुकानातून आणलेला.

“निनाद, आईंच्या फोनवर पारवा आहे का रे?”

“आईचं वेगळं आहे गं,” तो वैतागून म्हणाला. “तिला सगळं सोपं लागतं. आणि तिचं बीपी…”

तो तिथेच थांबला. पण वाक्य जितकं बाहेर पडलं होतं तितकं पुरेसं होतं. रांगेतल्यांनी ते ऐकलं, शंतनूने ऐकलं, आणि हातात किटली धरून उभ्या असलेल्या त्याच्या आईनेही ऐकलं.

“म्हणजे माझ्या फोनवरून लागतो,” आई सावकाश म्हणाल्या, “आणि यांना तू जो घालून देतोयस त्यावरून लागत नाही?”

“मम्मा, तसं नाहीये ते. टेक्निकल आहे.”

“मग कसं आहे?”

शंतनू उठला. त्याने आपल्या समोरच्या फोनची केबल काढली, मग शेजारच्या, मग पुढच्या टेबलावरच्या. “मी आज कोणाच्याही फोनवर हे घालणार नाही,” तो म्हणाला.

“डोंट बी ड्रॅमॅटिक, मेट,” निनाद म्हणाला.

“ड्रॅमॅटिक?” शंतनूने आणखी एक केबल ओढून काढली. “तो कोड मी लिहिला नव्हता, पण माझ्या ताब्यात होता. मी दोन वर्षांत तो एकदा उघडून बघितला नाही. तिकडे बघायला नको म्हणून मी पारव्याचे पंख स्मूथ करत बसलो.”

लोक हळूहळू पांगले. कौन्सिलची बाई ‘नो वरीज’ म्हणत एक वडा खाऊन गेली. परतीच्या वाटेवर गुलबर्नपाशी सुचित्राने गाडी थांबवली. जिंकल्यासारखं तिला काही वाटत नव्हतं.

आणि तिचं बरोबरच होतं. शंतनूने शनिवारी बंद केलेली लिंक सोमवारी परत चालू झाली. खाली बारीक अक्षरात एक ओळ आली होती, की काही देशांत काही विशिष्ट कॉल मर्यादित असू शकतात. त्याच दिवशी सुचित्राला गटातून काढलं गेलं. कारण दिलं होतं, ‘आक्रमक भाषा, समुदायाच्या आचारसंहितेचा भंग’. ज्यांनी लोगोवरून एकमेकांची आई-बहीण काढली होती ते अजून आत होते. तिने ते वाचलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकरचं झाकण असं आपटलं की नवरा, राजीव, वरच्या मजल्यावरून धावत आला. दुरुस्ती शंतनूने महिन्याभराने केली. खाली नाव आलं: तपासलं, निनाद. कसं तपासलं, ते कोणी विचारलं नाही.

मधल्या काळात ती रोज संध्याकाळी फोन करत होती. कधी ना कधी अडचण विचारायला ज्यांनी तिला निरोप टाकला होता, त्या सगळ्यांना. पारवा काढा, मूळचं सॉफ्टवेअर परत घाला, जमत नसेल तर मी सांगते, ऐका. कोणी आभार मानले, कोणी म्हणाले नंतर बघू, एकाने तिला निनादची स्पर्धक ठरवून फोन आपटला. राग तिचा ओसरला नाही. तो तिला हवाच होता. त्याच्याच जोरावर ती पुढचा नंबर फिरवायची.

सप्टेंबरात ती ब्रिस्बेनला गेली. स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या त्या घराचं दार कुमारकाकांनी उघडलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिने चित्राताईंना बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची होती, त्यात त्या बसल्या होत्या. आवाजावरून तिने त्यांना उंच धरलं होतं; त्या चांगल्या बुटक्या निघाल्या. सुचित्राने त्यांच्यासमोर बसून “ताई, मी सुचित्रा,” म्हटलं, तशा त्यांनी डाव्या हाताने तिचा कान धरला आणि हलकेच पिळला. घशातून एक आवाज आला. तो शब्द नव्हता. सुचित्राला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही.

चहा झाल्यावर काकांनी खिशातून नवा फोन काढला. “हा पर्थहून मुलाने पाठवला. दुकानातला आहे.” त्यांनी तो तिच्यापुढे टेबलावर ठेवला. “यावरून लागेल ना? तुम्ही हो म्हणालात की माझं समाधान.”

अजूनही हा माणूस तिच्या शब्दावर चालायला तयार होता. हो म्हणणं किती सोपं होतं. शंभरात नव्याण्णव वेळा ते खरंही ठरलं असतं. चित्राताई तिच्याकडे बघत होत्या.

“कंपनी म्हणते लागतो,” सुचित्रा म्हणाली. “बहुतेक लागेलच. पण मी तपासलेलं नाही काका. मला तपासता येत नाही.”

काकांनी मान हलवली. ते नाराज झालेले दिसले नाहीत. “मग बरं केलं मी,” ते म्हणाले. “या, दाखवतो.”

ते तिला मागच्या अंगणात घेऊन गेले. टोकाला लाकडी फळ्यांचं कुंपण होतं, पुरुषभर उंच. त्यातल्या तीन फळ्या त्यांनी काढून टाकल्या होत्या. पलीकडे दुसऱ्या घराचं अंगण, आणि गवत कापून केलेली सरळ वाट थेट मागच्या दारापर्यंत. “बेव्ह राहते तिथे. नर्स होती, आता घरीच असते. तिला विचारलं, तर म्हणाली, मेट, आधी का नाही तोडलंत? रस्त्याने गेलं तर सगळा ब्लॉक फिरून जावं लागतं. इथून म्हणजे हाकेवर.”

सुचित्रा त्या भगदाडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही पळून बघितलंय का इथून?”

“चालून बघितलंय.”

“चालून नाही. त्या दिवशी पळाला होतात तसं?”

सुचित्राने चपला काढल्या, पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि आत जाऊन चित्राताईंच्या खुर्चीपासून पळत निघाली. दार, पायरी, अंगण. कुंपणातून वाकून जाताना तिची बाही फाटली.

“इथे खिळा आहे काका,” ती पलीकडून ओरडली. “खालच्या आडव्या दांडीवर. आणि पायरी ओली आहे, घसरतं.”

काकांनी हातोडी आणली, गुडघ्यावर बसून खिळा ठोकून सपाट केला, आणि पायरीवर एक जुनं पोतं अंथरलं. “आता?” ते म्हणाले.

“आता परत बघते.”

ती आत आली. धाप लागली होती, तळवे चिखलाने भरले होते. खुर्चीतून चित्राताईंनी डावा हात वर केला आणि शाळेच्या शर्यतीत करतात तसा खाली आणला. सुचित्रा पळत सुटली.